नऊ महिन्यांची झडती

अंबड तालुक्यातलं अंतरवाली सराटी २०२३ च्या सप्टेंबरमध्ये मनोज जरांगे पाटील यांच्या उपोषणामुळे राज्यभर माहीत झालं. त्यानंतर निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, निजामकाळातल्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि शहागड-वडीगोद्रीच्या या पट्ट्यात घरोघरी वंशावळी काढल्या जाऊ लागल्या. पणजोबा कोण, त्यांना भाऊ किती, कुठल्या कागदावर कुणाचं नाव, मोडी किंवा उर्दू वाचून देणारा माणूस कुठं मिळेल, याचीच चर्चा पारावर असायची. ज्या घरात स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेलं मूल आहे, त्या घराला मात्र आणखी एका वंशावळीची गरज असते. तहसीलला चालणारी वंशावळ बापाच्या बाजूनं वर चढते. सासरी गेलेल्या मुली आणि माहेरहून आलेल्या सुना तिच्यात नसतात. आनुवंशिकतेचा डॉक्टर जी वंशावळ काढतो तिच्यात पुरुषाला चौकोन आणि बाईला वर्तुळ असतं आणि दोन्हीकडची माणसं सारखीच मोजली जातात. वारलेल्या माणसावर तिरकी रेघ मारतात. पडलेल्या गर्भासाठी छोटा त्रिकोण काढतात. नवरा-बायको आधीपासूनच रक्ताच्या नात्यातले असतील तर त्यांना जोडणारी रेघ दुहेरी असते. कोणता चुलता उशिरा बोलला, कोणत्या मावशीचं मूल लहानपणीच गेलं, कुणाला आकडी यायची, हे सगळं विचारून विचारून तो कागद भरला जातो.

ही वंशावळ बहुतेक घरांत कधी निघतच नाही. तिच्याऐवजी निघते ती आईच्या नऊ महिन्यांची झडती.

मूल अडीच-तीन वर्षांचं होतं. हाक मारली तर वळून बघत नाही, बोट दाखवून काही मागत नाही, खाऊ हवा असला की आपलं मनगट धरून डब्यापाशी नेतं. जालन्याचा किंवा संभाजीनगरचा डॉक्टर ‘ऑटिझम’ म्हणतो, आणि त्याच संध्याकाळी घरात आठवणी सुरू होतात. सासूला आठवतं की हिनं ग्रहणात भाजी चिरली होती. जावेला आठवतं की सातव्या महिन्यात हिला ताप भरला होता. आईला स्वतःला तर याहून कितीतरी जास्त आठवतं. तिसऱ्या महिन्यात वडील वारले आणि मी दहा दिवस रडत होते. लोहाच्या गोळ्यांनी मळमळायचं म्हणून निम्म्या टाकून दिल्या. कापसावर फवारणी झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी खुरपायला गेले. डोकं ठणकलं म्हणून क्रोसिन घेतली. सिझर झालं. त्या नऊ महिन्यांतला एकेक दिवस ती उलटून-पालटून बघत राहते, रात्री सगळे झोपल्यावरसुद्धा. बापाच्या नऊ महिन्यांबद्दल कुणी काही विचारत नाही.

या झडतीला आपल्याकडं मोठं पाठबळ आहे. सुभद्रेला डुलकी लागली आणि म्हणून अभिमन्यूला चक्रव्यूहातून बाहेर पडायचा मार्ग कळला नाही, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. गर्भसंस्काराची पुस्तकं आणि वर्ग गरोदर बाईला शांत, आनंदी राहायला सांगतात, त्यात वाईट काहीच नाही. पण चांगल्या विचारांनी हुशार मूल घडतं असं एकदा मान्य केलं की वेगळं मूल झालेल्या बाईच्या विचारांवर आपोआप बोट जातं. कारण शोधणं हे एक काम आहे आणि दोषी शोधणं हे दुसरं. ऑटिझमच्या बाबतीत ही दोन्ही कामं गेली ऐंशी वर्षं एकमेकांत गुंतलेली आहेत. आईची झडती घेऊन कारण सापडत नाही, हे त्या ऐंशी वर्षांच्या संशोधनातून पुन्हा पुन्हा दिसलं आहे. जी थोडी कारणं खरोखर टाळता येतात त्यांची किल्लीही बहुतेक वेळा तिच्या हातात नसते.

ऑटिझमचा वैद्यकीय इतिहासच एका बापाच्या पत्रापासून सुरू होतो. अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातल्या डोनाल्ड ट्रिप्लेट या मुलाच्या वडिलांनी बाल्टिमोरच्या डॉ. लिओ कॅनर यांना तेहेतीस पानांचं पत्र लिहून मुलाचं वागणं बारकाईनं कळवलं होतं. १९४३ साली कॅनर यांनी अशा अकरा मुलांवर जो निबंध लिहिला त्यात डोनाल्ड पहिला होता. ही मुलं जन्मतःच अशी आहेत, असं कॅनर यांनी त्याच निबंधात म्हटलं होतं. पण या मुलांचे आईबाप थंड, पुस्तकी, मायेचा ओलावा नसलेले वाटतात, असंही त्यांनी नोंदवलं, आणि पुढच्या काही वर्षांत हाच मुद्दा मोठा होत गेला. बर्फाच्या पेटीसारख्या थंड आईमुळे मूल असं होतं, ही कल्पना तिथून पसरली. १९६७ मध्ये ब्रुनो बेटेलहाइम यांनी या मुलांची तुलना छळछावणीतल्या कैद्यांशी केली. एका पूर्ण पिढीतल्या आयांनी हा ठपका डोक्यावर घेऊन दिवस काढले.

तो ठपका पुसायला सुरुवात केली तीही एका बापानं. बर्नार्ड रिमलँड हे मानसशास्त्रज्ञ होते आणि त्यांचा मुलगा मार्क स्वमग्न होता. त्यांनी उपलब्ध सगळे निबंध वाचून काढले आणि १९६४ च्या आपल्या पुस्तकात ऑटिझमचं मूळ मेंदूच्या जडणघडणीत आहे असं मांडलं. १९६९ मध्ये पालकांच्या सभेत खुद्द कॅनर यांनी, पालक म्हणून तुम्हाला मी दोषमुक्त करतो, असं जाहीर केलं. इंग्लंडमध्ये लोर्ना विंग या मानसोपचारतज्ज्ञ होत्या आणि स्वमग्न मुलीच्या आई होत्या. ऑटिझम हा एकच साचा नसून त्याच्या अनेक छटा असतात, हे आज सगळे मानतात ते त्यांच्या कामामुळे. म्हणजे आईबापांच्या ‘का’ या प्रश्नानं या शास्त्राला सतत पुढं ढकललं आहे. तो प्रश्न विचारायचाच नाही, असं कुणी पालकांना सांगत असेल तर मला ते पटत नाही.

वारशाचा पहिला भक्कम पुरावा १९७७ साली आला. सुझन फोलस्टीन आणि मायकेल रटर यांनी इंग्लंडमधल्या एकवीस जुळ्या जोड्या तपासल्या. एकाच बीजापासून झालेल्या अकरा जोड्यांपैकी चार जोड्यांत दोन्ही मुलं स्वमग्न होती. दोन वेगळ्या बीजांच्या दहा जोड्यांत एकही नाही. आकडे लहान, पण पोट एकच, नऊ महिने तेच, आईचं खाणं-पिणं-रडणं तेच असताना हा फरक पडला होता. पुढं मोठे अभ्यास झाले. २०११ मध्ये कॅलिफोर्नियातल्या जुळ्यांच्या एका अभ्यासानं वारशाचा वाटा बराच कमी, सुमारे ३८ टक्के सांगितला आणि दोन्ही मुलांना सामाईक असलेल्या परिस्थितीला मोठं स्थान दिलं. त्यावर वाद झाला. मग २०१९ मध्ये डेन्मार्क, फिनलंड, स्वीडन, इस्रायल आणि पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या वीस लाख मुलांच्या नोंदींतून वारशाचा वाटा ८० टक्क्यांच्या आसपास निघाला. त्याच अभ्यासात आईच्या शरीराचा, तिनं दिलेल्या जनुकांपलीकडचा असा वेगळा वाटा जवळजवळ सापडलाच नाही.

इथं एक गफलत फार होते. ८० टक्के वारसा म्हणजे एका मुलाच्या ऑटिझमचा ८० टक्के भाग जनुकांतून आला आणि उरलेला २० टक्के आईच्या चुकांतून, असा हिशेब नाही. हा आकडा लाखो माणसांमधल्या फरकाबद्दल बोलतो. एका घरातल्या एका मुलाला तो लावता येत नाही. उरलेल्या वाट्यातही पेशी वाढताना घडणारे निव्वळ योगायोग असतात, ज्यांच्यावर कुणाचाच ताबा नसतो.

‘पण आमच्या घराण्यात असं कुणीच नव्हतं’ हे वाक्य प्रत्येक बैठकीत येतं आणि म्हणणाऱ्याची नजर सुनेच्या माहेराकडं असते. याला उत्तर आहे. आईबापांत नसलेले साठ-सत्तर नवे बदल प्रत्येक मुलाच्या जनुकसंचात असतात. बहुतेक निरुपद्रवी असतात, एखादा नको त्या जागी पडतो. २०१२ मध्ये आइसलंडमध्ये कुटुंबांचा पूर्ण जनुकसंच वाचून पाहिला तेव्हा दिसलं की आईकडून येणारे असे नवे बदल सुमारे पंधरा असतात आणि बापाकडून येणारे त्याच्या वयाबरोबर वाढत जातात, वर्षाला साधारण दोन. विशीतल्या बापाकडून पंचवीस, तर चाळिशीतल्या बापाकडून पासष्ट. मराठवाड्यात शेती करणाऱ्या मुलांची लग्नं पस्तिशीपर्यंत लांबतात, हे आता गावोगाव दिसतं. एकेका बापापुरती ही जोखीम लहानच आहे आणि ती सांगून आता बापांची झडती सुरू करावी असंही नाही. पण चर्चा माहेरावरच अडकते, तेव्हा एवढं तरी माहीत असावं.

दुसरं उत्तर असं की ‘कुणी नव्हतं’ हे अनेकदा खरं नसतं. २०२० मध्ये पस्तीस हजारांहून अधिक लोकांच्या अभ्यासातून ऑटिझमशी संबंध असलेली १०२ जनुकं पुढं आली. पण वारशाचा बराचसा भाग या मोठ्या बदलांत नसतो. सगळ्यांमध्ये थोडेथोडे विखुरलेले हजारो छोटे बदल असतात आणि ते दोन्ही घरांतून येऊन एका मुलात जमा होतात. चारचौघांत न मिसळणारा पण गावातल्या प्रत्येक मोटारीचा एकेक पार्ट तोंडपाठ असलेला मामा, जेवणाच्या ताटात भाजी वरणाला लागली तर उठून जाणारा चुलता, एसटीचं वेळापत्रक घडाघडा म्हणणारे आजोबा. त्यांना कुणी कधी नाव दिलं नाही, कारण त्यांची शेती, दुकान, संसार चालू होता. मुलींमध्ये तर हे आणखी झाकलेलं राहतं. मुलग्यांमध्ये ऑटिझमचं निदान मुलींच्या तीन ते चार पट होतं, आणि तेवढाच जनुकीय भार असलेली मुलगी पुष्कळदा ‘जरा अबोल आहे’ एवढ्यावर निभावून जाते.

वंशावळ नीट काढली तर काय हाती लागू शकतं, याचा सगळ्यात स्वच्छ नमुना म्हणजे फ्रॅजाइल एक्स. ऑटिझम असलेल्या मुलांपैकी सुमारे दोन टक्क्यांत हे कारण निघतं. एक्स गुणसूत्रावरच्या एका जनुकात तीन अक्षरांचा एक तुकडा पुन्हा पुन्हा लिहिलेला असतो. पन्नासच्या खाली आवृत्त्या असल्या तर काही बिघडत नाही. पंचावन्न ते दोनशे असल्या तर तो माणूस स्वतः वरवर ठणठणीत असतो. आईकडून मुलाकडं जाताना तो तुकडा वाढू शकतो, आणि दोनशेच्या पुढं गेला की जनुक बंद पडतं. आता अशा घराच्या वंशावळीत काय दिसेल? आईचे वडील साठीनंतर हात थरथरतात, चालताना तोल जातो म्हणून काठी धरून बसलेले. एका मावशीची पाळी चाळिशीच्या आतच गेलेली. दुसऱ्या एखाद्या मावशीचा मुलगा शाळेत मागं पडलेला. हे तीन धागे वेगवेगळ्या घरांत, वेगवेगळ्या गावांत असतात. कुणी ते एका कागदावर मांडत नाही तोवर आजोबांचं म्हातारपण, मावशीचं नशीब आणि नातवाचं न बोलणं यांचा एकमेकांशी संबंध आहे हे कळायला मार्ग नाही. आणि त्या आईला तो तुकडा तिच्या वडिलांकडून आला असेल, तर ती यात कुठं दोषी आहे?

आपल्या भागात यातला एक धागा हरवलेलाही असू शकतो. गोदावरीपलीकडच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला, त्याच्या चौकशीसाठी समिती नेमावी लागली. उचल घेऊन कोयत्यावर जाणाऱ्या बाईला पाळीचे दिवस परवडत नाहीत आणि तिशीतच पिशवी काढली जाते. अंबड-घनसावंगीकडूनही टोळ्या जातात. जिची पिशवीच काढली, तिची पाळी लवकर गेली असती का, हे कसं कळणार? त्या बायकांवरचा अन्याय त्यांच्यापुरताच थांबत नाही, कुटुंबाचा एक पुरावाही त्यानं पुसला जातो.

मामाची मुलगी करून घ्यायची चाल आपल्याकडं जुनी आहे. नात्यातल्या लग्नात दोघांकडंही एकच दडलेला दोष असण्याची शक्यता वाढते, त्यामुळे काही चयापचयाचे आणि मेंदूचे आजार अशा घरांत जास्त दिसतात आणि त्यांतल्या काहींत ऑटिझमची लक्षणं असतात. पण नात्यात लग्न झालेल्या असंख्य जोडप्यांची मुलं ठीक असतात आणि स्वमग्न मुलांपैकी बहुसंख्य मुलांचे आईबाप नात्यातले नसतात. दुहेरी रेघ दिसली की डॉक्टर काही तपासण्या जास्त करतो, तिचा अर्थ एवढाच.

आता गरोदरपणाकडं येऊ. ऑटिझमची सुरुवात पोटात होते, याबद्दल आता फारसा वाद नाही. २०१४ मध्ये लहान वयात वारलेल्या स्वमग्न मुलांच्या मेंदूंचे तुकडे तपासले गेले. अकरापैकी दहांमध्ये मेंदूच्या बाहेरच्या थराची बांधणी ठिकठिकाणी विस्कटलेली होती. इतर अकरा मुलांत तसं एकाच मेंदूत दिसलं. हे थर गर्भात बांधले जातात. मात्र ‘पोटात असताना झालं’ आणि ‘पोटात असताना आईनं केलं’ यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. सोनोग्राफीत का दिसलं नाही, असंही आया विचारतात. ही बांधणी इतकी सूक्ष्म असते की सोनोग्राफीत ती दिसूच शकत नाही. तुमच्या डॉक्टरांनी काही लपवलं असं त्यातून होत नाही आणि एक सोनोग्राफी चुकली म्हणून काही हुकलं असंही होत नाही.

पोटात असताना लागणाऱ्या कारणांपैकी सर्वांत आधी ठरलेलं कारण म्हणजे रुबेला. १९६४ मध्ये अमेरिकेत त्याची मोठी साथ आली. न्यूयॉर्कमध्ये स्टेला चेस यांनी गर्भात रुबेला झालेल्या २४३ मुलांची तपासणी केली तेव्हा दहा मुलांत पूर्ण ऑटिझम आणि आठ मुलांत त्याची काही लक्षणं सापडली. त्या काळी ऑटिझम हजारांत एकालाही म्हणत नसत. रुबेलाची लस आता आपल्याकडं गोवर-रुबेला म्हणून दिली जाते. महाराष्ट्रात २०१८ मध्ये शाळाशाळांतून तिची मोहीम झाली आणि तेव्हा अफवांमुळे कित्येक पालकांनी मुलं त्या दिवशी शाळेत पाठवली नाहीत. लसीनं ऑटिझम होतो ही अफवा १९९८ च्या एका ब्रिटिश निबंधातून आली. त्यात बारा मुलं होती, नोंदी खोट्या निघाल्या, २०१० मध्ये नियतकालिकानं निबंध मागं घेतला आणि तो लिहिणाऱ्या अँड्र्यू वेकफिल्ड यांचा डॉक्टरकीचा परवाना गेला. डेन्मार्कमध्ये साडेसहा लाख मुलांवर २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलांत काही फरक दिसला नाही. ऑटिझमचं एक ठरलेलं कारण रोखणारी लसच लोकांनी ऑटिझमच्या भीतीनं नाकारावी, याचं मला फार वाईट वाटतं.

दुसरं ठरलेलं कारण म्हणजे फिटवरचं सोडियम व्हॅल्प्रोएट हे औषध. डेन्मार्कमधल्या २०१३ च्या अभ्यासात गरोदरपणी हे औषध चालू असलेल्या आयांच्या मुलांत ऑटिझमचं प्रमाण सुमारे ४.४ टक्के होतं, इतरांत दीड टक्का. फिट येणाऱ्या मुलीचं लग्न ठरवताना तिचा आजार लपवला जातो, गोळ्या लपवून घेतल्या जातात आणि मग दिवस गेल्यावर औषध बदलायची वेळ निघून जाते. हे औषध स्वतःच्या मनानं बंद करणंही धोक्याचं आहे, कारण मोठी फिट आई आणि बाळ दोघांच्या जिवावर बेतते. म्हणून गोळी लिहून देणाऱ्यानंच लग्नाच्या वयाच्या मुलीला हे आधी सांगायला हवं, आणि शक्य तिथं दुसरं औषध द्यायला हवं.

फॉलिक आम्लाचं थोडं वेगळं आहे. नॉर्वेत पंच्याऐंशी हजार मुलांच्या अभ्यासात, गर्भधारणेच्या आसपास ते घेतलेल्या आयांच्या मुलांत तीव्र ऑटिझम हजारी एक, तर न घेतलेल्यांत हजारी दोन असा आढळला. म्हणजे न घेतलेल्या हजारांपैकी ९९८ जणींच्या मुलांना तो झाला नाही. गोळी चांगली आहे, जरूर घ्यावी. पण गोळ्या टाकून दिल्या म्हणून माझं मूल असं झालं, असं कुठल्याही आईला या आकड्यांवरून म्हणता येत नाही.

फवारणीचा प्रश्न कापूस-उसाच्या या पट्ट्यात खरा आहे. कॅलिफोर्नियाच्या शेतीप्रधान खोऱ्यात २०१९ मध्ये असं दिसलं की फवारणी होणाऱ्या शेतांपासून दोन किलोमीटरच्या आत राहणाऱ्या गरोदर बायकांच्या मुलांत ऑटिझमची शक्यता दहा ते सोळा टक्क्यांनी जास्त होती. क्लोरपायरिफॉससारखी औषधं त्यात होती, जी आपल्या कृषी केंद्रातही मिळतात. शंभरात एक असेल तर ते सव्वाच्याही आत राहतं. एका मुलाचं कारण म्हणून हे दाखवता येणार नाही. मात्र रोजंदारीवर जाणारी गरोदर बाई फवारलेल्या वावरात खुरपायला जायचं नाही असं म्हणू शकत नाही, तिची मजुरी बुडते. तेव्हा हा प्रश्न वावराच्या मालकाला, औषध विकणाऱ्याला आणि सरकारला विचारायचा आहे.

क्रोसिनचं, म्हणजे पॅरासिटामॉलचं काय? २०२५ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी पत्रकार परिषदेत गरोदरपणी पॅरासिटामॉल घेऊ नका असं सांगितलं आणि ती बातमी मोबाइलवरून आपल्या खेड्यांतही पोचली. त्याच्या एक वर्ष आधीच स्वीडनमध्ये जवळपास पंचवीस लाख मुलांचा अभ्यास झाला होता. त्याची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. आधी सगळ्या आयांची सरसकट तुलना केली तेव्हा गोळी घेतलेल्यांच्या मुलांत किंचित वाढ दिसली. मग एकाच आईच्या दोन बाळंतपणांची तुलना केली: एकात तिनं गोळी घेतली, दुसऱ्यात नाही. ती वाढ नाहीशी झाली. म्हणजे जो फरक दिसत होता तो गोळीचा नव्हता, त्या घराच्या वारशाचा आणि गोळी ज्या दुखण्यासाठी घेतली त्याचा होता. सिझरच्या बाबतीतही स्वीडनमध्ये भावंडांची अशीच तुलना झाली आणि तिथंही संबंध विरघळून गेला. गरोदरपणी चढलेला ताप अंगावर काढणं हे मात्र खरंच धोक्याचं असतं.

बाळ जन्मतः रडलं नाही, काचेच्या पेटीत ठेवलं, असं सांगणाऱ्या आया इथं पुष्कळ भेटतात. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय अभ्यासात पलवल, कांगडा, धेनकनाल, हैदराबाद आणि उत्तर गोवा अशा पाच ठिकाणची दोन ते नऊ वर्षांची सुमारे चार हजार मुलं तपासली होती. जवळजवळ आठांतल्या एकाला मेंदूच्या वाढीशी संबंधित काही ना काही अडचण होती. ऑटिझम शंभरात एकाच्या आसपास होता. या सगळ्या अडचणींमागं घरी झालेलं बाळंतपण, जन्मतः गुदमरणं, कमी वजन, वेळेआधी जन्म आणि पहिल्या दिवसांतले आजार हे धोके ठळक दिसले. त्यांचा संबंध ऑटिझमपेक्षा इतर अडचणींशी जास्त असू शकतो, आणि कधी कधी बाळाच्या मेंदूत आधीपासून फरक असल्यामुळेच बाळंतपण अवघड जातं. तरीही उसाच्या फडाजवळ, कोपीत कळा सुरू झालेल्या बाईला रात्री गाडी मिळते का, हा प्रश्न तिच्या मनःशांतीहून कितीतरी महत्त्वाचा आहे.

मोबाइल आणि टीव्हीबद्दल थोडक्यात. पडद्यापुढं तासन्‌तास बसवलेलं मूल कमी बोलतं हे खरं, पडदा कमी केल्यावर काही मुलं बोलू लागतात हेही खरं. पण ऑटिझमची मुळं गर्भात असतील तर पडदा हे त्याचं मूळ कारण होऊ शकत नाही. उलट ज्या मुलाला माणसांपेक्षा हलती चित्रं जवळची वाटतात तेच पडद्याला चिकटतं. ‘आमच्या वेळी नव्हतं हे’ असं म्हातारी माणसं म्हणतात. तेव्हा अशी मुलं होती, त्यांना खुळं म्हणत. १९८० पासून व्याख्या रुंदावत गेली, अमेरिकेत आज आठ वर्षांच्या एकतीस मुलांमागं एकाला हे निदान होतं, आणि आपल्याकडं २०१६ च्या कायद्यानं ऑटिझमला एकवीस अपंगत्वांत स्थान दिलं, म्हणून त्याची नोंद होऊ लागली.

दोष आणि भीती यांवर बाजारही चालतो. मूलपेशींची इंजेक्शनं लाखो रुपये घेऊन दिली गेली, लोकांनी जमिनी विकल्या. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्ये ऑटिझमसाठी हा उपचार करू नये असं सांगितलं आहे. ‘शरीरातलं विष काढतो’ म्हणणारेही तेच करतात: आधी आईला पटवतात की तिच्याकडून काहीतरी आत गेलं, मग ते काढायचे पैसे घेतात.

‘का’ हा प्रश्न योग्य माणसापुढं गेला की काय होतं, याची एक गोष्ट नॉर्वेतली आहे. बोर्गनी एगेलँड या बाईंची दोन्ही मुलं, लिव्ह आणि दाग, वाढीत मागं राहिली होती. मुलांच्या अंगाला, लघवीला एक चमत्कारिक वास येतो हे तिनं हेरलं होतं आणि ती डॉक्टरामागून डॉक्टर गाठून तेच विचारत होती. बहुतेकांनी वेडात काढलं. १९३४ मध्ये ओस्लोच्या डॉ. अस्ब्यॉर्न फोलिंग यांनी तिचं ऐकून लघवी तपासली. त्यात लोहाचं द्रावण टाकताच ती हिरवी झाली. त्यातून फेनिलकीटोन्युरिया हा वारशानं येणारा आजार सापडला, ज्यात उपचार न झालेल्या अनेक मुलांत ऑटिझमची लक्षणं दिसतात. आज कित्येक देशांत बाळाच्या टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन तो पहिल्याच आठवड्यात ओळखतात आणि ठरावीक आहारानं मूल वाचतं. तिच्या दोन मुलांना त्याचा उपयोग झाला नाही. पण त्या बाईनं स्वतःची झडती घेण्यात आयुष्य घालवलं असतं तर त्या वासाची गोष्ट कुणाच्या कानापर्यंत गेलीच नसती.

इथल्या आईनं हा प्रश्न घेऊन कुठं जायचं? जिल्हा रुग्णालयाच्या पातळीवर बालकांसाठी शीघ्र हस्तक्षेप केंद्रं असावीत, अशी २०१३ च्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची रचना आहे. छत्रपती संभाजीनगरला ‘आरंभ’ ही संस्था अंबिका टाकळकर यांनी सुरू केली, त्या स्वतः स्वमग्न मुलाच्या आई आहेत. जालन्याहून सिकंदराबादला थेट रेल्वे आहे आणि तिथं बौद्धिक दिव्यांगांसाठीची राष्ट्रीय संस्था आहे; ऑटिझमचं प्रमाणपत्र देताना जी भारतीय मोजपट्टी वापरतात ती याच संस्थेनं २००९ मध्ये तयार केली. जनुकीय तपासणीला हजारो रुपये लागतात आणि बऱ्याच मुलांत तिच्यातून ठाम काही निघत नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. आकडी, डोक्याचा वेगळा आकार, अंगावर फिकट पांढरे डाग, घरात आणखी कुणी असं असणं, नात्यातलं लग्न, यांपैकी काही असेल तर ती करण्यात अर्थ आहे.

आणि बहुतेक जोडप्यांचा खरा प्रश्न मागच्या गरोदरपणाचा नसतोच. दुसरं होऊ द्यावं का, हा असतो, आणि तो विचारायची त्यांना लाज वाटते. याला आकडा आहे. मोठं भावंड स्वमग्न असेल तर पुढच्या मुलात ऑटिझम असण्याचं प्रमाण २०११ च्या अभ्यासात १८.७ टक्के आणि २०२४ च्या मोठ्या अभ्यासात २०.२ टक्के आलं. मुलगा झाला तर साधारण चारात एक, मुलगी झाली तर आठात एक. नेमकं कारण सापडलं असेल, जसं फ्रॅजाइल एक्स किंवा नवा जनुकबदल, तर हा आकडा त्या घरापुरता पूर्ण बदलतो. वंशावळ आणि तपासणीचा सर्वांत मोठा उपयोग तोच. दिवस राहायच्या आधी रुबेलाची लस झाली आहे का बघावं, फॉलिक आम्ल सुरू करावं, फिटची गोळी चालू असेल तर डॉक्टरांशी बोलावं, बाळंतपण दवाखान्यातच करावं. यापलीकडं त्या बाईकडून काही मागू नये.

बाळ झाल्यावर आशाताईंना पहिल्या मुलाबद्दल मोकळेपणानं सांगून ठेवावं. त्या तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात घरी येतात आणि त्यांच्याजवळच्या माता-बाल कार्डावर वाढीचे टप्पे छापलेले असतात. नवव्या महिन्यात नावानं हाक मारल्यावर बाळ बघतं का, बाराव्यात टाटा करतं का, पंधराव्यात चंद्राकडं किंवा कुत्र्याकडं बोट करून आपल्याला दाखवतं का, एवढं बघायचं. नसेल करत तर ‘बापही उशिराच बोलला होता’ म्हणत तिसऱ्या वर्षापर्यंत थांबू नये, त्याच महिन्यात सरकारी दवाखान्यात दाखवून आणावं. बाल स्वास्थ्य कार्यक्रमातल्या तपासणीला पैसे लागत नाहीत.